दंगलीत बळी जाणारा पोलीस : भिवंडीने शिकवलेला धडा

२१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात दहा भारतीय पोलीस धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी पोलिसांच्या मैदानांवर संचलन होते आणि मागील वर्षभरात कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्यांची नावे एकेक करून वाचली जातात. सीमेवर, जंगलात किंवा चकमकीत पडलेल्यांची नावे आपण अभिमानाने ऐकतो. परंतु ज्यांना आपल्याच शहरातील माणसांनी, भर वस्तीत, जमावाने ठार केले, त्यांच्याविषयी बोलताना मात्र आपली जीभ अडखळते. हे अडखळणे का होते आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे काही मोठे शहर नव्हे. तरीही गावात पोलीस ठाणे आहे आणि भोवतालच्या खेड्यांची सुरक्षितता त्या ठाण्यावर सोपविलेली आहे. सणावाराच्या आधी अशा ठाण्यांत शांतता समितीची बैठक होते, मिरवणुकीचा मार्ग ठरतो आणि त्या मार्गावर काही शिपाई व गृहरक्षक उभे केले जातात. मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात हिंसाचार उसळला आणि तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. तेव्हा हा विषय आपल्या विदर्भापासून दूर आहे, असे कोणी समजू नये. आपल्या गावच्या नाक्यावर उभा असलेला शिपाई आणि दंगलीच्या रात्री जमावासमोर सापडलेला शिपाई ही माणसे वेगळी नसतात.

भिवंडी, जुलै २००६

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. २००१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे सहा लाख होती. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी, मराठी अशा अनेक समाजांचे हात या शहराच्या मागांवर चालत आले आहेत.

२००६ साली येथे एका पोलीस ठाण्याच्या इमारतीवरून वाद पेटला. कोटरगेट परिसरात, कब्रस्तानालगतच्या एका भूखंडावर निजामपुरा पोलीस ठाण्याची इमारत उभारण्याचे काम प्रशासनाने हाती घेतले होते. त्या जागेवर कब्रस्तानाचा हक्क आहे, असे स्थानिक मुस्लिम समाजातील अनेकांचे म्हणणे होते. ५ जुलै २००६ रोजी विरोध करणारा जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दोन नागरिक मृत्युमुखी पडले. अनेक पोलीसही जखमी झाले. बातमी शहरभर पसरली. रात्री रस्त्यावर पुन्हा जमाव उतरले, बसगाड्या जाळण्यात आल्या आणि पोलीस शिपाई जगताप व गांगुर्डे हे दोघे जमावाच्या तावडीत सापडून ठार झाले.

चार कुटुंबांत दुःख शिरले. दोन कुटुंबे गोळीबारात मरण पावलेल्यांची, दोन जमावाने मारलेल्यांची. पुढे काही दिवसांतच, ११ जुलै २००६ रोजी, मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि सुमारे दोनशे माणसे बळी पडली. त्या महाभयंकर घटनेच्या छायेत भिवंडीची घटना वर्तमानपत्रांच्या पानांवरून व लोकांच्या मनांतून मागे सरली. ज्यांच्या घरी ती घडली, त्यांच्यापुरती ती मागे सरली नसणार.

शहराची जुनी जखम

भिवंडीला दंगल नवीन नव्हती. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत पोहोचले. या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाने दोन्ही बाजूंच्या जातीयवादी संघटनांचे वर्तन तपासले, पण पोलिसांनाही सोडले नाही. दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाने पक्षपात केला आणि एकाच समाजाला दोषी ठरविण्याच्या दृष्टीने पुरावा उभा केला, असे परखड मत आयोगाने नोंदविले. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा भिवंडी, ठाणे व मुंबई या पट्ट्यात दंगल झाली आणि अडीचशेहून अधिक माणसे मरण पावली.

अशा शहरात १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. दंगल झाल्यावर ती मोडून काढण्यापेक्षा ती होऊच नये म्हणून काय करता येईल, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. ठाण्याच्या शांतता समितीत बहुधा त्याच त्या प्रतिष्ठितांचे चेहरे दिसतात. येथे तसे न करता साध्या माणसांना बोलावण्यात आले: माग चालवणारा कामगार, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाला. हिंदू व मुसलमान दोघांनाही बरोबरीने स्थान देण्यात आले. समितीचे काम पाहण्याची जबाबदारी त्या भागातील पोलीस कर्मचाऱ्याकडे सोपविण्यात आली. बैठकीत केवळ दंगलीच्या गोष्टी होत नसत. नळाचे भांडण, गल्लीतला वाद, कोणाची तक्रार ठाण्यात घेतली गेली नाही, असे विषय निघत. त्यामुळे शिपायाला वस्ती नावानिशी कळू लागली आणि वस्तीलाही शिपाई नावानिशी कळू लागला.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये या प्रयोगाची कसोटी लागली. बाबरी मशीद पाडल्यानंतर मुंबईत झालेल्या दंगलींत नऊशे माणसे मृत्युमुखी पडली, असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले आहे. मुंबईच्या उंबरठ्यावरील, दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांनी पुढे याच प्रश्नावर मराठीत पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. मुंबईतही दंगलीनंतर मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांचा तीत मोठा वाटा होता.

मग ज्या शहराने १९९२ साली सारे राज्य पेटलेले असताना शांतता राखली, त्याच शहरात चौदा वर्षांनी दोन पोलीस जमावाच्या हातून कसे मारले गेले?

पोलीसच पक्षकार होतात तेव्हा

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर वादाच्या स्वरूपात दडलेले आहे. सर्वसाधारण दंगलीत दोन समाज समोरासमोर असतात आणि पोलीस त्यांच्या मध्ये उभे असतात. त्यांच्यावर दोन्हीकडून दगड येतात, दोन्हीकडून आरोप होतात, तरीही ते तिसरे असतात. २००६ च्या भिवंडीत वाद दोन समाजांत नव्हताच. वादाचा विषय पोलीस ठाण्याचीच इमारत हा होता. म्हणजे एका बाजूस वस्ती आणि दुसऱ्या बाजूस पोलीस खाते. बांधकामाला संरक्षण देणारे पोलीस, बांधकाम ज्यांच्यासाठी व्हायचे तेही पोलीस आणि गोळीबार करणारेही पोलीस. मध्ये उभे राहून दोन्ही बाजूंना थांबा म्हणणारा कोणी उरला नाही.

मोहल्ला समितीचे सारे बळ पोलीस व वस्ती यांच्यातील विश्वासावर उभे असते. त्या विश्वासालाच वादाचा विषय बनविले तर समिती कागदावर असूनही निरुपयोगी ठरते. म्हणून पोलिसांचा स्वतःचा हितसंबंध जेथे गुंतलेला असेल, तेथे वाटाघाटीची धुरा पोलिसांकडे न ठेवता महसूल प्रशासन, न्यायालय किंवा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या त्रयस्थ व्यक्तींकडे सोपविणे शहाणपणाचे आहे. स्मशान, कब्रस्तान, दफनभूमी हे विषय तर अतिशय नाजूक. आपल्या मृतांच्या जागेविषयी कोणताही समाज हळवा असतो, हे दफनभूमीसाठी कधी ना कधी धावपळ केलेल्या आपल्या वाचकांना सांगावयास नको.

पण हे सांगत असताना एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे. तो भूखंड निवडण्यात त्या दोन शिपायांचा काही हात नव्हता. भूखंडाचा निर्णय वरच्या कचेऱ्यांत होतो. शिपायाच्या वाट्याला केवळ कामाचा हुकूम येतो. जमावाला मात्र खाते दिसत नाही, अधिकारी दिसत नाही, फाईल दिसत नाही. त्याला जवळचा गणवेश दिसतो. संस्थेवरचा राग हाताशी सापडलेल्या माणसावर काढणे, हीच जमावाच्या हिंसेची रीत आहे. गोळीबार अन्याय्य होता असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्याचा न्याय रात्रीच्या अंधारात सापडलेल्या दोन शिपायांच्या प्राणांनी होत नाही.

हीच चूक दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. जमावात कोण होते हे ठाऊक नसताना हाताशी सापडलेली वस्ती गुन्हेगार ठरविली जाते. पोलिसाचा खून झाला की खात्यात संताप असणे स्वाभाविक आहे. पण रात्री दारे ठोठावून दिसेल त्या तरुणाला उचलणे म्हणजे जमावाच्याच रीतीने वागणे होय. मादन आयोगाने १९७० च्या तपासावर ठेवलेला ठपका म्हणूनच आजही स्मरणात ठेवण्यासारखा आहे.

कायदा काय सांगतो?

जमावाने केलेल्या खुनाचा तपास हा फौजदारी कायद्यातील अतिशय कठीण भाग आहे. पाच किंवा अधिक माणसे बेकायदेशीर हेतूने एकत्र आली की कायद्याच्या भाषेत तो ‘बेकायदेशीर जमाव’ होतो. अशा जमावाच्या समान उद्देशासाठी एका सदस्याने गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक सदस्य त्या गुन्ह्यास जबाबदार धरला जातो. भारतीय दंड संहितेत हे तत्त्व कलम १४९ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १९० मध्ये आहे. सुरा कोणी चालवला हे सिद्ध झाले नाही म्हणून सारेच सुटू नयेत, हा या तरतुदीचा हेतू.

परंतु या तरतुदीची धार दोन्हीकडे आहे. दंगलीच्या रस्त्यावर मारेकऱ्यांबरोबर बघेही असतात. कामावरून घरी परतणारा असतो, भावाला शोधायला आलेला असतो. त्या सर्वांना एकाच दोरीने बांधले तर निरपराध्याला शिक्षा होण्याचा धोका आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मसलती खटल्यात सावधगिरीचा मार्ग दाखविला. पुष्कळ आरोपी व पुष्कळ बळी असलेल्या प्रकरणात एखाद्या आरोपीविषयी दोन-तीन किंवा अधिक साक्षीदार सुसंगत हकीकत सांगत असतील तरच त्याला दोषी धरणे योग्य, अशी कसोटी न्यायालयाने मान्य केली. साक्षीदारांची केवळ संख्या मोजून न्याय होत नाही, हे खरे. तरी गर्दीत एकाच्या नजरेवर विसंबून एखाद्याचे आयुष्य पणाला लावू नये, हा त्यामागचा विचार आहे.

तेव्हा पोलिसाच्या मारेकऱ्याला शिक्षा व्हावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याने काळजीपूर्वक तपासाचाच आग्रह धरला पाहिजे. घाईने पकडलेले शंभरजण पुराव्याअभावी सुटतात, त्यांच्याबरोबर खरा मारेकरीही सुटतो आणि मृत शिपायाच्या घरच्यांना न्याय मिळत नाही. दुसरीकडे, पोलिसांच्या गोळीने कोणी मेल्यास त्याचीही निःपक्ष चौकशी व्हावयास हवी. २२ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे भिवंडीच्या घटनेनंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश दिला. आपली तक्रार ऐकणारी विश्वासार्ह जागा आहे असे लोकांना वाटले, तर रस्त्यावर उतरण्याचे एक कारण कमी होते. हे अंतिमतः शिपायाच्याही हिताचे आहे.

आठवणीचा पक्षपात

पोलिसाच्या मृत्यूविषयी आपण का अडखळतो, या सुरुवातीच्या प्रश्नाकडे आता वळू. याचे मूळ आपल्या इतिहासातही आहे. २५ एप्रिल १९२१ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगावात खिलाफत चळवळीच्या काळात जमाव उसळला आणि पोलीस फौजदाराला ठार करण्यात आले. पुढे काही जणांना फाशी झाली. मालेगावाने त्यांची आठवण हुतात्मे म्हणून जपली. महात्मा गांधींनी मात्र त्या वेळी मालेगावच्या कृत्याची निर्भर्त्सना केली. आपल्याच चळवळीच्या नावाने हे घडले म्हणून त्यांनी ते झाकले नाही.

पुढील वर्षी, फेब्रुवारी १९२२ मध्ये, गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा येथे पोलिसांच्या गोळीबाराने संतापलेल्या जमावाने ठाणे पेटवून बावीस पोलिसांना ठार केले. गांधीजींनी असहकाराची सारी चळवळ थांबविली. खटल्यात एकोणीस जणांना फाशी झाली. आज त्या गावात मृत पोलिसांचेही स्मारक आहे आणि फाशी गेलेल्यांचेही.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात पोलिसांनी गोळीबार केला, जमावाने पोलीस चौकीवर हल्ला केला आणि शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांना खोट्या आरोपात गोवले गेले, अशी सोलापूरकरांची श्रद्धा आहे आणि या चौघांचे पुतळे शहराच्या अभिमानाचे स्थान आहेत. तो अभिमान योग्यच आहे. पण त्या चौकीतही कोणाचे तरी मुलगे मेले होते. परकीय सत्तेची नोकरी करीत होते एवढ्यावरून त्यांचे मरण मोजण्याजोगे राहिले नाही.

परकीय राजवटीत पोलीस म्हणजे सत्तेचा हात, ही भावना समजण्यासारखी होती. स्वातंत्र्यानंतर ती भावना आपण पुरती टाकून दिली नाही. त्यात आणखी एका सवयीची भर पडली: प्रत्येक समाज आपापलेच मृत मोजतो. गोळीबारात मेलेल्यांची नावे एका बाजूचे लोक सांगतात, जमावाने मारलेल्या पोलिसांची नावे दुसऱ्या बाजूचे लोक सांगतात. तीही पुष्कळदा दुःखाने नव्हे, तर प्रत्युत्तर म्हणून. अशाने मृत शिपाई त्याच्या बायकामुलांचा न राहता वादातला एक मुद्दा होतो. भिवंडीचे चारही मृत एकाच वाक्यात, सारख्याच आदराने उच्चारता येणे ही आपल्या नागरिकत्वाची परीक्षा आहे.

मधल्या तासांत आपण कोठे असतो?

भिवंडीच्या घटनाक्रमात आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते गोळीबार आणि त्या दोघांचे खून यांच्या मधले तास. पहिले दोन मृत्यू टळले नव्हते. पुढचे दोन टळू शकले असते. त्या तासांत अफवा फिरतात, मृतांची संख्या दर गल्लीगणिक वाढत जाते, तरुण कोपऱ्याकोपऱ्यावर जमतात. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि खरीखोटी चित्रे क्षणात शहरभर पोहोचतात. या तासांत मौलवी, पुजारी, धर्मगुरू, शिक्षक, डॉक्टर, यंत्रमागाचा मालक, पोरांची आई यांच्यापैकी कोण घराबाहेर पडतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ऐन वेळी बाहेर पडून कोणी ऐकत नाही. ज्याला आधीपासून गल्लीत ओळखतात, त्याचेच ऐकले जाते. मोहल्ला समितीचे महत्त्व येथे आहे.

प्रशासनाचीही या तासांत मोठी जबाबदारी असते. तणावाच्या रात्री एकटेदुकटे शिपाई असुरक्षित भागातून पाठवू नयेत. त्यांच्यापाशी संपर्काचे साधन, शिरस्त्राण, ढाल व कुमक असावी. सलग बंदोबस्ताने थकलेल्या माणसाचा तोल लवकर जातो, म्हणून त्याला विश्रांती मिळावी. गोळीबारात कोणी मरण पावले असल्यास अधिकाऱ्याने अधिकृत माहिती लपवू नये. खरी बातमी उशिरा आली की तिच्या जागी अफवा बसते.

आणि आपण? आपल्या गावच्या ठाण्यातील शिपायाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? शांतता समितीच्या बैठकीचे निमंत्रण आले तर चहापाण्याचा कार्यक्रम समजून आपण ते टाळतो का? आपल्या वस्तीतील मुलाने पोलिसाविषयी तिरस्काराचे शब्द काढले, किंवा आपल्या ओळखीच्या पोलिसाने एखाद्या समाजाविषयी तसेच शब्द काढले, तर आपण त्याला टोकतो का? दंगलीची सुरुवात दगडाने होत नाही. ‘ते लोक’ या दोन शब्दांनी ती कितीतरी आधी झालेली असते.

येत्या २१ ऑक्टोबरला जेव्हा मैदानावर नावे वाचली जातील, तेव्हा वाचकहो, त्या नावांमागील घरे क्षणभर डोळ्यांपुढे आणावीत. जगताप व गांगुर्डे ही दोन नावे आता त्या वर्षीच्या यादीत जाऊन बसलेली नाहीत, जुन्या यादीत गेली आहेत. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी गोळीबारात गेलेल्या दोघांचेही स्मरण करावे. आणि ज्या नाक्यावर आज आपला शिपाई उभा आहे, तेथून जाताना थांबून त्याची विचारपूस करावी. या साध्या ओळखीतूनच उद्याच्या कठीण रात्री एखादे आयुष्य वाचू शकते.